बोका, वाघ आणि अलंकार

अलंकार पाठ करायची शाळेतली पद्धत म्हणजे खुणेचे शब्द. सम, सारखा, तुल्य दिसलं की उपमा, जणू, गमे, भासे दिसलं की उत्प्रेक्षा, लिहा आणि पुढच्या प्रश्नाकडे वळा. मार्क मिळतात, नाही असं नाही, पण गंमत तिथेच मरते, कारण माझ्या मते यातले अर्धेअधिक अलंकार म्हणजे माणूस थापा मारताना किती पुढे जातो याची मापं आहेत.

बघा हं. समजा एकाकडे बोका आहे आणि स्वारी बोक्यावर जाम खूश आहे. तो म्हणतो, 'बोका वाघासारखा चालतो'. उपमा झाली. बोका उपमेय, वाघ उपमान, चाल हा समान धर्म आणि 'सारखा' हा साधर्म्य दाखवणारा शब्द, सगळे हजर. अजून माणूस शुद्धीत आहे. 'बोका म्हणजे जणू वाघच' म्हणाला की उत्प्रेक्षा, पण त्या 'जणू'त पळवाट ठेवलीय, उद्या कोणी पकडलं तर सुटता येतं. 'बोका हाच आमच्या घरचा वाघ', रूपक, पळवाट बंद. आणि 'बोका कुठला, वाघ आहे तो!' म्हणजे अपन्हुती, इथे तर बिचाऱ्या बोक्याचं बोकेपणच नाकारलं. 'वाघाने याच्याकडे शिकवणी लावावी', बोका वाघाच्याही वरचढ, हा व्यतिरेक. 'या बोक्यासारखा हा बोकाच', म्हणजे तुलना स्वतःशीच, हा अनन्वय, आणि नेमकी इथेच 'सारखा' बघून पोरं उपमा लिहून मोकळी होतात.

ससंदेह आणि भ्रांतिमान मात्र नीट वेगळे ठेवावे लागतात. 'हा बोका की वाघ?' असं मन डळमळतंय तोवर ससंदेह, पण कुत्र्याने अंधारात बोक्याला खरंच वाघ समजून शेपूट घालून धूम ठोकली की भ्रांतिमान. एकाला शंका आहे, दुसऱ्याची खात्रीच आहे पण चुकीची.

यमक, अनुप्रास कानाला आपोआप कळतात, त्यावर काय बोलायचं.

भरतमुनींच्या नाट्यशास्त्र या जुन्या संस्कृत ग्रंथात अलंकार मोजून 4 होते, उपमा, रूपक, दीपक आणि यमक. पुढे 16व्या शतकातल्या अप्पय्य दीक्षितांच्या कुवलयानंद या अलंकारांवरच्या ग्रंथापर्यंत गाडी शंभराच्या वर गेली, म्हणजे मधल्या काळात विद्वान मंडळींनी थापेचे किती बारीक बारीक काप केले असतील विचार करा (यातले परीक्षेला थोडेच येतात हे नशीब).

आणि या यादीत एक भलताच प्राणी आहे, स्वभावोक्ती. तुलना नाही, थाप नाही, जे आहे ते हुबेहूब सांगायचं. बोका पंजा चाटतो, तोच पंजा कानामागून पुढे ओढतो, मध्येच थांबून कुठेतरी टक लावतो, जीभ तशीच बाहेर. झाला अलंकार! 10व्या शतकाच्या आसपासच्या कुंतक या संस्कृत काव्यशास्त्रकाराला हे पटलं नाही, त्याचं म्हणणं वस्तूचा स्वभाव हाच दागिना धरला तर मग दागिना घालायचा कुणाला? लॉजिक बिनतोड आहे. तरी मी कुंतकाच्या बाजूने नाही, वाघ आणून बसवणं कुणालाही जमतं, पण ती बाहेर राहिलेली जीभ बघायला बोक्याकडे नीट बघावं लागतं.