बादलीतला फेस

मराठवाड्यात राहून खनिजांवर संशोधन करतो असे सांगितले की समोरचा हमखास विचारतो, "आपल्याकडे कुठे आल्या खाणी?" प्रश्न रास्त आहे. नांदेड जिल्ह्याच्या देगलूर, किनवट या बाजूला जुना ग्रॅनाईट उघडा पडलेला दिसतो. बाकी बहुतेक मुलूख सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांखाली गाडलेला आहे. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला घेतलेल्या विंधनविवरात या थरांचा तळ गाठायला सुमारे ३३८ मीटर खाली जावे लागले. तेव्हा आमच्याकडच्या खाणी म्हणजे खडीच्या खाणी, आणि माझे काम त्या खाणीत जे टाकाऊ ठरते त्यावर चालते.

लाव्हा थंड होताना त्यातल्या वायूचे बुडबुडे अडकून राहतात आणि नंतर त्या पोकळ्यांत झिरपणाऱ्या पाण्यातून झिओलाईट वर्गातली खनिजे वाढतात. मजूर या सगळ्यांना सरसकट 'गारा' म्हणतात. जालन्याच्या आसपासच्या खाणींतले स्टिल्बाईट, ह्यूलँडाईट आणि त्यांच्या संगतीने येणारे अपोफिलाईट हे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत मांडलेले आहेत. पण अर्थशास्त्राच्या भाषेत हा खनिजसाठा नव्हे, कारण ते पोकळीपोकळीत विखुरलेले असतात आणि कारखान्यांना लागणारे झिओलाईट कृत्रिमरीत्या किंवा ज्वालामुखीय राखेच्या जाड थरांतून मिळते. खाणमालकाला तर या गारांचा रागच येतो. पोकळ्यांनी भरलेला मांजऱ्या खडक खडीला कमी पडतो, चाचणीत नापास होतो, म्हणून पोकलेनवाला तो बाजूला ढकलून देतो. स्वामित्वधन ब्रासवर मोजले जाते आणि ब्रास म्हणजे १०० घनफूट; त्या १०० फुटांत काय होते, हे लिहिण्यासाठी कोणत्याही फॉर्मवर रकाना नाही.

अशाच एका खाणीच्या मुकादमाशी माझी तीन वर्षांची ओळख. मी त्यांना मामा म्हणतो. मागच्या खेपेला निघताना मी सांगून आलो होतो, "मामा, चांगली पोकळी लागली तर गारा राखून ठेवा." एवढेच सांगितले. 'चांगली' या शब्दाचा अर्थ माझ्या लेखी काय आहे, हे सांगायचे मला सुचले नाही, आणि हे सगळे लिहिण्याचे कारणही तेच आहे.

फेब्रुवारीत मामांचा फोन आला. सुरुंग उडवल्यावर माणूस बसेल एवढी पोकळी उघडी पडली होती. मला पोहोचायला चार दिवस लागले, कारण परीक्षांचे पर्यवेक्षण हे संशोधनापेक्षा महत्त्वाचे काम असते. मी पोहोचलो तोवर ती भिंतच क्रशरमध्ये गेली होती. पण मामांच्या खोपटात घोंगडीवर सव्वीस तुकडे ओळीने मांडलेले होते, स्वच्छ, पांढरेशुभ्र, मागचा काळा दगड छिन्नीने जमेल तेवढा उडवलेला.

"दोन दिस खपलो सर. लई घाण होती, पिवळी माती, हिरवं शेवाळ. शेवटी संडास साफ करायचं अ‍ॅसिड मारलं, तवा कुठं उजाळा आला."

ते हिरवे शेवाळ नव्हते. पोकळीच्या भिंतीला लागून जो हिरवट मातकट थर असतो, तो त्या पोकळीतला सर्वांत जुना थर. त्यावर ह्यूलँडाईट, मग पेंढी बांधल्यासारखे स्टिल्बाईट, त्यावर अपोफिलाईट आणि कॅल्साईट असा क्रम पुष्कळदा दिसतो. भिंतीपासून आत मोजत गेले की पाण्याची रासायनिक घडण कशी बदलत गेली, ते वाचता येते. माझे मुख्य लक्ष कॅल्साईटवर होते, कारण वाढताना त्यात कोंडून राहिलेल्या द्रवाच्या सूक्ष्म थेंबांवरून त्या काळच्या पाण्याचे तापमान काढता येते. आणि कॅल्साईट आम्लात विरघळतो. तो वायू सोडतो, फेस येतो, संपतो. झिओलाईटलाही हे आम्ल सोसत नाही. जवळून पाहिले तर कडांवरची मोत्यासारखी झाक गेली होती आणि पृष्ठ पिठूळ झाले होते.

मी काही बोललो नाही. माझे काही सहकारी दलालांकडून असेच धुतलेले नमुने विकत घेतात, स्थळाच्या जागी नुसते 'जालना' लिहितात आणि लेख छापून आणतात. त्यांना नावे ठेवणाऱ्या माझ्या हातात आता त्यांच्यापेक्षा वेगळे काही नव्हते.

संध्याकाळी तुकडे बांधताना एकावर नजर ठरली. स्टिल्बाईटच्या दोन पेंढ्यांच्या मध्ये एक रिकामी खाच होती, बोटाच्या पेरापेक्षा लहान, पण कडा सुरीने कापल्यासारख्या. कोनमापक लावला तर कोन साधारण १०५ आणि ७५ अंशांचे भरले. हे कॅल्साईटच्या समांतर षट्फलकाचे कोन आहेत. म्हणजे त्या जागी आधी कॅल्साईट होता आणि स्टिल्बाईट त्याच्या भोवती नंतर वाढला. नेहमीच्या क्रमाच्या हे उलटे आहे, निदान या पोकळीत कॅल्साईट दोनदा आला असण्याची शक्यता त्यातून दिसते. अडचण अशी की आपल्या बेसाल्टमध्ये निसर्गतःही कॅल्साईट विरघळून असे रिकामे साचे राहतात. मग ही खाच काही लाख वर्षांपूर्वी भूजलाने रिकामी केली की त्या आठवड्यात मामांच्या बादलीने? पहिले खरे असेल तर कॅल्साईट वाढल्यानंतर पाणी पुन्हा आम्लधर्मी झाले, असे एक नवे पान उघडते. दुसरे खरे असेल तर ते पान नाहीच. साच्याच्या आतल्या भिंतीवर नंतरच्या खनिजाचा थर असता तर निकाल लागला असता. ती भिंत उघडी होती, आणि आम्लाने तिच्यावरचेही काही नेले नसेल, असे मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही.

मी मामांना विचारले, अ‍ॅसिड टाकल्यावर बादलीत फेस आला होता का.

"आला की. फसफसलं चांगलं."

पण मागच्या खडकातही कॅल्साईटच्या बारीक शिरा होत्या, फेस त्यांचाही असू शकतो. मी पुढे विचारले, सगळे तुकडे एकाच बादलीत टाकले होते का, हा वेगळा टाकलेला आठवतो का, आणि किती वेळ फसफसत होते. मामांनी तुकडा हातात घेऊन दिव्यासमोर फिरवला, खाचेत करंगळीचे नख घालून पाहिले. एकाच बादलीत टाकले होते. मग त्यांनी जरा अवघडून विचारले, "बिघडलं का काही सर? तुमच्यासाठीच केलं होतं."

नाही म्हणालो. पुढच्या वेळी धुऊ नका, कोणत्या भिंतीवर किती उंचीला सापडले ते खडूने दगडावर लिहा आणि धोतराच्या कापडात बांधून ठेवा, एवढे सांगितले. मामांनी दोनदा म्हणून घेतले.

मग वही उघडली. सव्वीस नमुन्यांपुढे स्थान, उंची, थर हे रकाने कोरे ठेवले. खाचेच्या त्या अकराव्या नमुन्यासमोर मात्र शेऱ्यात मामांनी दिलेले एकमेव मोजमाप जसेच्या तसे लिहिले: 'फेस, एक चहा उकळेपर्यंत.'