पुन्हा गुहागरलाच?

गुहागरची रजा टाकली की ऑफिसात ठरलेला प्रश्न येतो, "पाहून झालंय ना ते?" झालंय. पण समुद्रकाठचं गाव एका खेपेत पाहून होत नाही.

हेदवीची बामणघळ घ्या. पहिल्यांदा गेलो ते अष्टमीला, भर दुपारी. उमामहेश्वराच्या देवळाजवळ काळ्या कातळात अरुंद भेग, तळाला जेमतेम पाणी. लोक येत, डोकावत आणि "हेच का ते?" म्हणून परत फिरत. संध्याकाळी, जिथे उतरलो होतो त्या घरच्या काकांनी हिशेब सांगितला: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा वाजता भरती, म्हणजे बाराला समुद्र पार ओसरलेला. पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास भरती, वर उधाण.

मग पौर्णिमा गाठूनच गेलो. लाट घळीत शिरते, आत कोंडते आणि तोफ डागल्यासारखा आवाज करत पाणी उसळतं. चष्म्यावर मीठ, शर्ट चिंब. कडेला मात्र जाऊ नका, कातळ निसरडा असतो.

वेळासचंही तसंच. कासवांच्या हंगामात सकाळ-संध्याकाळ घरट्यांवरच्या टोपल्या उचलतात. कधी पिल्लं बाहेर आलेली असतात, कधी नुसती वाळू. तिथे हात हलवत परतलेली माणसं पुढच्या वर्षी हमखास पुन्हा दिसतात. एका दिवसात सात पॉइंट उरकणाऱ्या सहलींना हे परवडत नाही, हे खरं.

आणि आळस हेही कारण आहेच. दाभोळ-धोपावे फेरीबोटीत गाडी चढवली की पुढे काही ठरवायचं उरत नाही. व्याडेश्वराचं दर्शन, सुरूच्या बनातून पुळणीवर, जेवायला आमसुलाचं सार, पाटावर केळीचं पान. आम्हाला तिखट चालत नाही हे काकूंना आता सांगावं लागत नाही. दारातच ऐकवतात, "यंदा उशीर केलात. फणस संपले." चाकरमान्याला गणपतीत गावी यावंच लागतं, माझं इथे ना घर, ना देव. पैसे मोजून येतो, तरी हे ऐकायला बरं वाटतं.

पावसाळा तेवढा राहिलाय. काकू म्हणतात, "जुलैत येऊन करणार काय? लाइट नसते चार-चार दिवस." तरी खोली सांगून ठेवलीय.