हॉट रॉडचा एक्झॉस्ट ठरला: पोर्ट तीन, मधला पाइप लांब

सुळग्याच्या शेडमध्ये उभ्या असलेल्या माझ्या हॉट रॉडचा (जुन्या गाडीच्या धाटणीवर हातानं बांधलेल्या, सुटसुटीत केलेल्या गाडीचा) एक्झॉस्ट अखेर ठरला. हेडर, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर आणणाऱ्या नळ्यांचा जुडगा, डाव्या अंगाला उघडा दिसणार, तिथून पाइप चासीच्या आतून मागं जाणार, ॲक्सलच्या वरून वळून बॉडीच्या मागं सरळ बाहेर निघणार. साइड पाइप नाही, दोन्ही बाजूंना जोडपाइपही नाही. काही जण हळहळतील. हॉट रॉड म्हटलं की आधी डोळ्यांपुढं येतो तो बाजूनं गेलेला लांब चकचकीत पाइपच, आणि मलाही तो मनापासून आवडतो. तरी तो सोडला. का सोडला ते सविस्तर लिहितो, कारण ॲम्बॅसिडरचं इंजिन घेऊन असली गाडी बांधायच्या खटपटीत आणखीही कुणी असेल.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: बॉडी फायबरची, १९३२ च्या फोर्ड रोडस्टरच्या धाटणीची. चासी बॉक्स सेक्शनची, शेडमध्येच वेल्ड केलेली. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा ॲक्सल ॲम्बॅसिडरचा. इंजिन जुनं १४८९ सीसीचं पेट्रोल, म्हणजे मूळचं बीएमसीचं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं) बी-सिरीज. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम आणि गाडीतल्या फेरफारांबद्दलचा सुप्रीम कोर्टाचा २०१९ चा निकाल बघता ही गाडी सार्वजनिक रस्त्यावर काढायचा विचार नाही. शेतातली वाट आणि ओळखीच्यांचं बंद आवार, एवढंच तिचं मैदान.

आता मुद्द्याचं. या इंजिनाच्या हेडला सिलिंडर चार, पण एक्झॉस्टचे पोर्ट, म्हणजे धूर बाहेर पडायची भोकं, तीनच आहेत. पहिल्याचा वेगळा, चौथ्याचा वेगळा, आणि दुसरा-तिसरा मिळून मधला एक. बेळगावच्या उद्यमबागेतल्या ज्या मामांकडे मी लेथचं काम करून घेतो, त्यांच्यापुढं हेड ठेवून मी म्हटलं, "मामा, फोर-टू-वन हेडर करायचा म्हणतोय." (म्हणजे चार नळ्यांच्या आधी दोन, मग एक.) त्यांनी कापडानं पोर्ट पुसले, तिन्हीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "चार कुठनं आणतोस? भोकं तीनच हाईत की."

पण हीच या इंजिनाची खुबी आहे. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, १-३-४-२. चार स्ट्रोकचं एक चक्र क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांचं, ७२० अंशांचं, म्हणजे दर १८० अंशांना एक सिलिंडर पेटतो. त्या हिशेबात १ आणि ४ एकमेकांपासून ३६० अंशांवर, २ आणि ३ सुद्धा ३६० अंशांवर. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह साधारण २४०-२५० अंश उघडा राहतो. त्यामुळं १८० अंशांवरचे दोन शेजारी एकाच आखूड नळीत सोडले तर एकाचा धूर बाहेर पडत असताना दुसऱ्याचा दाब त्याच्यावर आदळतो. ३६० अंशांवरच्या जोडीत हा प्रश्नच येत नाही, एकाचा व्हॉल्व्ह मिटल्यावरच दुसऱ्याचा उघडतो. फोर-टू-वन हेडर बांधणारे १-४ आणि २-३ अशा जोड्या मुद्दाम लावतात त्या याचसाठी. इथं २-३ ची जोडी कारखान्यानं हेडमध्येच लावून दिलेली आहे. आपल्याला फक्त १ आणि ४ एकत्र आणायचे, आणि मधला पाइप कुणालाही न भेटता लांब नेऊन शेवटी त्या दोघांना जोडायचा. बीएमसीच्या इंजिनांवर काम करणाऱ्या जुन्या मंडळींत या मांडणीला 'लाँग सेंटर ब्रांच', म्हणजे लांब मधली शाखा, म्हणतात. इंजिन जे मागतं ते द्यावं, या मताचा मी आहे, आणि हे इंजिन हेच मागतं.

दुसरी गोष्ट समजली तेव्हा मला फार आनंद झाला. १९३२ साली फोर्डनं जो फ्लॅटहेड व्ही-८ (दोन बाजूंना चार-चार सिलिंडरांचं इंजिन) आणला, ज्याच्यावर हॉट रॉडची सगळी परंपरा उभी राहिली, त्याच्याही प्रत्येक बाजूला एक्झॉस्टचे पोर्ट तीनच होते. मधल्या दोन सिलिंडरांना मिळून एक! म्हणजे बॉनेटच्या बाजू काढलेल्या आपल्या गाडीतून तीन पाइप बाहेर दिसतील, तेव्हा ते कुणाची नक्कल न करता खऱ्या रॉडसारखेच दिसणार. उजवीकडे तीन खोटे पाइप लावून व्ही-८ चा आव आणायचा सल्ला मला मिळाला होता. तो मी साफ नाकारला. व्ही-८ ची ती गुरगुर येते एकेका बाजूच्या सिलिंडरांच्या असमान फायरिंगमुळं. आपलं चार सिलिंडरचं इंजिन समान अंतरानं पेटतं, त्याला त्याचा स्वतःचा आवाज आहे.

साइड पाइपचं काय? कॅलिफोर्नियातल्या म्युराक, एल मिराज अशा कोरड्या तळ्यांवर शर्यती लावणाऱ्या पोरांनी 'लेक पाइप' काढले. रस्त्यावर असताना झाकण लावलेलं, तळ्यावर पोचलं की झाकण काढून धूर सरळ बाहेर. इतिहास म्हणून सुंदर. पण बी-सिरीजचा मॅनिफोल्ड (पोर्टांवर बसणारा नळ्यांचा भाग) डावीकडे, आणि केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ प्रमाणे गाडीचा धूर खाली किंवा डावीकडे सोडायचा नाही. आपल्याकडे पायी चालणारा, सायकलवाला, बस थांब्यावरची माणसं, सगळी डावीकडेच असतात. गाडी रस्त्यावर जाणार नसली तरी हा नियम शहाणपणाचा आहे. शिवाय डावीकडून सोबतचा माणूस चढणार. गाडी बुटकी, दाराची उंची नावापुरती. तापलेल्या पाइपावरून लुगडं नाहीतर पँट सांभाळत पाय टाकायला मी घरच्या कुणाला सांगणार नाही.

पाइप बेल हाउसिंगखालून (क्लचच्या कवचाखालून) उजवीकडे नेता येतो, तेही मोजून बघितलं. गाडीची सगळ्यात खालची जागा तीच होते. आमच्याकडच्या वाटेवर पावसाळ्यात बैलगाडी-ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या इतक्या खोल पडतात की पहिल्याच पावसात तो पाइप चेपला असता.

धूर बॉडीच्या मागं न्यायचं आणखी एक कारण आहे, आणि त्याबाबत तडजोड करू नका. उघडी गाडी चालताना तिच्या मागं हवेचा दाब कमी होतो आणि मागची हवा परत बैठकीकडे ओढली जाते. पाइप दारापाशी किंवा बॉडीखाली संपला तर त्या हवेबरोबर कार्बन मोनॉक्साइड येतो, ज्याला ना वास ना रंग. त्यामुळं टोक बॉडीच्या बाहेर काढलंय.

चासीच्या डाव्या रेलच्या (लांब तुळईच्या) आतल्या अंगानं पाइप न्यायला जागा चांगली मिळाली. स्टार्टर, डिस्ट्रिब्युटर आणि आपला स्टीअरिंग कॉलम तिन्ही उजवीकडे. पेट्रोलची आणि ब्रेकची लाइन मी आधीच उजव्या रेलवर सरकवली होती. मागं पाट्याच्या स्प्रिंगवरचा ॲक्सल वरखाली हलतो, म्हणून पाइपाची कमान ठरवायच्या आधी ॲक्सल जॅकनं बंप स्टॉपला (वर जायची हद्द ठरवणाऱ्या रबराला) टेकेपर्यंत वर घेतला आणि त्या स्थितीत जागा सोडली.

फ्लँजबद्दल (पाइप हेडला आवळून बसवणाऱ्या जाड पट्टीबद्दल) जरा थांबून सांगतो, कारण इथंच गॅस्केट उडतं. या इंजिनात इनलेट आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला, आणि दोघांत मिळून काही स्टड सामाईक आहेत. एकच जाड वॉशर अर्धा इनलेटच्या फ्लँजवर, अर्धा एक्झॉस्टच्या फ्लँजवर बसतो. दोन्ही फ्लँजची जाडी तंतोतंत सारखी नसेल तर वॉशर तिरका बसतो, एक बाजू दाबली जाते आणि दुसरी सैल राहते. म्हणून मामांनी जाड पट्टीतून फ्लँज कापला, जुन्या भंगार हेडवर नटबोल्टनं आवळला, तसाच आवळलेला ठेवून पाइप टॅक केले (ठिपक्यांनी तात्पुरते जोडले), वेल्डिंग पुरं केलं, आणि गार झाल्यावर इनलेटच्या जाडीला मिळवून तोंड मशिनवर घासून घेतलं. सुटा फ्लँज वेल्ड केला की तो केळ्यासारखा वाकतो.

पाइप: बाहेरचे दोन ३५ मिमी, मधला दोन सिलिंडरांचा भार घेतो म्हणून ३८, शेवटचा ४५. याहून मोठा घेऊ नका. या इंजिनाची ताकद पन्नास-पंचावन्न हॉर्सपॉवरच्या आसपास, तीही चार हजारच्या थोडं वर. रुंद पाइपात धुराचा वेग पडतो आणि खालच्या आरपीएमला गाडी मरगळते.

स्टेनलेस की माइल्ड स्टील यावर बरंच डोकं लावलं. ३०४ स्टेनलेस आपल्या पावसाला टिकतं, पण तापल्यावर साध्या लोखंडाच्या जवळजवळ दीडपट वाढतं. एक मीटर पाइप ४०० अंशांनी तापला तर साधारण ७ मिमी. एवढी वाढ हेडरला तडा देते. म्हणून हेडर माइल्ड स्टीलचा, १६ गेज, उष्णता सोसणाऱ्या रंगात. त्याच्या मागं लवचिक बेलो, म्हणजे चुण्यांची नळी. आणि पुढचं सगळं ३०४, आर्गॉन वेल्डिंगनं. हेडरला फायबरची पट्टी गुंडाळणार नाही. ती ओल धरते, आणि जून ते सप्टेंबर आतल्या आत लोखंड खाते. त्याऐवजी कार्ब्युरेटरखाली ॲल्युमिनियमचा पत्रा. नळीचा हेडर लावला की मूळ बिडाच्या मॅनिफोल्डची इनलेटला मिळणारी ऊब जाते, त्यामुळं डिसेंबरातल्या पहाटे इंजिन थोडा वेळ चोकवर ठेवावं लागणार. ते मला मान्य आहे.

सायलेन्सर सरळ जाळीच्या नळीचा, भोवती काचेची लोकर भरलेला, गिअरबॉक्स आणि ॲक्सलच्या मध्ये. जागा आहे तेवढा लांब घेतलाय. शेजारी वस्ती आहे, रात्री जनावरं बांधलेली असतात.

हेडर, बेलो आणि मधला पाइप बसले आहेत. मधली शाखा जिथं १-४ च्या पाइपाला मिळते तो सांधा वेल्ड केलेला नाही, स्लिप जॉइंटवर क्लँपनं धरलाय. तिथं थोडं पुढंमागं सरकवता येतं. कार्ब्युरेटरचं जेट (पेट्रोलचं माप ठरवणारं भोक) नीट जुळलं की दोन-तीन लांबींवर गाडी चालवून बघायची आणि मगच तो पक्का करायचा. कुणी १४८९ वर ही मधली शाखा बनवली असेल तर फ्लँजपासून सांध्यापर्यंतची लांबी मोजून जरूर कळवा.