हिवाळ्यात घर किती गरम ठेवायचं? श्टुटगार्टमधला माझा अनुभव

आम्ही श्टुटगार्टला ज्या बिल्डिंगमध्ये राहतो ती साठच्या दशकातली, आणि आमचा फ्लॅट तळमजल्यावर, तोही कोपऱ्यातला. म्हणजे दोन बाजूंच्या भिंती बाहेरच्या आणि पायाखाली थेट तळघर. त्यात आम्ही इथे राहायला आलो ते २०२२ साली, ज्या वर्षी रशियाचा गॅस बंद झाला आणि अख्खा जर्मनी थर्मोस्टॅटबद्दल बोलायला लागला. सप्टेंबरपासून सरकारी ऑफिसं १९ अंशाच्या वर तापवायची नाहीत असा नियम आला, ऑफिसच्या किचनमध्ये लोक हवापाण्याऐवजी गॅसच्या दरावर बोलायचे, आणि घरमालकाचं पत्र आलं की दर महिन्याचे हीटिंगचे आगाऊ पैसे वाढवतोय. किती वाढवले ते सांगत नाही पण पत्र वाचून नवऱ्याने लगेच सगळ्या खोल्यांत फिरून हीटर दोनवर आणले.

इथे माझा नवरा म्हणजे काय चीज आहे ते सांगायला पाहिजे. तो निफाडचा. महाराष्ट्रात थंडीची बातमी आली की नीचांकी तापमान निफाडचं, हे त्याच्यासाठी खानदानी भूषण आहे. द्राक्षबागेत पहाटे शेकोट्या पेटवायच्या, अंगावर स्वेटर, डोक्याला कानटोपी, घरात हीटर हा प्रकारच नाही, तरी आम्ही मेलो का, हा त्याचा मुद्दा. मी चिपळूणची, मला वीस अंश म्हणजे फ्रिजचं दार उघडं राहिलंय असं वाटतं. मी म्हटलं बाबा रे, निफाडला पहाटे पाच अंश असलं तरी दुपारी अंगणात ऊन खात बसता येतं, भिंती तापतात, इथे डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो आणि सूर्य दिसला तर लोक फोटो काढतात. तर वाद असा होता, तो म्हणे १८, मी म्हणे २३.

आता जे नवीन येतात त्यांच्यासाठी एक गोष्ट, कारण ही मला कुणी आधी सांगितली नव्हती. इथल्या रेडिएटरच्या (म्हणजे ज्यातून गरम पाणी फिरतं त्या हीटरच्या) गोल नॉबवर १ ते ५ आकडे असतात, ते पंख्याच्या रेग्युलेटरसारखे नाहीत. ५ वर ठेवलं म्हणजे खोली लवकर तापते असं अजिबात नाही. प्रत्येक आकडा म्हणजे एक तापमान, ३ म्हणजे साधारण २० अंश, २ म्हणजे १६, ४ म्हणजे २४, मधल्या रेघा एकेक अंशाच्या. नॉब स्वतः खोलीची हवा बघतो आणि तिथवर पोचलं की पाणी बंद करतो. खोली थंड असताना ३ वर आणि ५ वर पाणी सारखंच वाहतं, फक्त ५ वर ते थांबतच नाही आणि तुम्ही नंतर खिडकी उघडून घाम पुसत बसता. आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा नॉब पाचवर फिरवतो, मी आता बोलणं सोडून दिलंय, गुपचूप जाऊन परत फिरवते.

मग मी म्हटलं, वाद घालण्यापेक्षा वाचून बघू. जर्मनीच्या पर्यावरण खात्याची शिफारस आहे की बसायच्या खोलीत २० अंश, स्वयंपाकघरात १८, झोपायच्या खोलीत १७. एक अंश कमी केलं की साधारण ६ टक्के ऊर्जा वाचते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये घरांसाठी १८ अंश ही सुरक्षित पातळी सांगितली, आणि म्हातारी माणसं, लहान मुलं, आजारी लोक असतील तर त्याहून जास्त लागू शकतं असंही म्हटलंय. नवऱ्याने पहिलं अर्धं वाक्य वाचलं आणि बघ मी बरोबर होतो म्हणून मोकळा झाला, दुसरं अर्धं मी मोठ्याने वाचून दाखवलं, कारण सासूबाई डिसेंबरमध्ये यायच्या होत्या.

पण खरा गुंता आकड्यात नव्हताच. आम्ही बैठकीत एक साधा थर्मामीटर ठेवला, तो २० दाखवायचा, आणि सोफ्यावर बसलं की पाठीत हुडहुडी. नवरा समोरच्या खुर्चीत टीशर्टवर आरामात, मी शाल घेऊन. बरेच दिवस मला वाटायचं की माझंच शरीर कोकणातलं आहे. मग ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने लेझरवाला थर्मामीटर दिला, तो ज्याने पिस्तुलासारखा नेम धरून कुठल्याही वस्तूचं वरवरचं तापमान बघता येतं. बाहेर उणे पाच वगैरे असेल त्या संध्याकाळी आम्ही दोघं घरभर नेम धरत फिरलो. आतली भिंत १९. सोफ्यामागची बाहेरची भिंत १४. फरशी, जिथे सतरंजी नव्हती तिथे, १६. आणि बेडरूममधल्या कपाटाच्या मागचा कोपरा, तिथे हात घालून नेम धरला, तर साडेअकरा.

त्या दिवशी डोक्यात प्रकाश पडला. आपल्याला जी थंडी वाजते ती फक्त हवेची नसते, आजूबाजूच्या भिंती आपल्या अंगातली ऊब ओढत असतात, ढोबळ हिशेब म्हणजे हवेचं तापमान आणि भिंतींचं तापमान यांची सरासरी. म्हणजे सोफ्यावरचे माझे वीस अंश आणि खुर्चीतले त्याचे वीस अंश वेगळेच होते! आम्ही रात्री दहा वाजता सोफा सरकवून आतल्या भिंतीला लावला (जर्मनीत रात्री दहानंतर फर्निचर सरकवणं हे धाडसाचं काम आहे, वरच्या काकूंनी दुसऱ्या दिवशी जिन्यात नुसतं बघितलं). तळघरावरच्या त्या फरशीवर जाड गालिचा टाकला. माझी मागणी २३ वरून २१ वर आली आणि हीटरला हातही लावला नव्हता. हे कुठल्याही माहितीपत्रकात पहिल्या पानावर यायला पाहिजे खरं तर.

आता तो कपाटामागचा कोपरा. तिथे हाताला भिंत गार आणि किंचित चिकट लागत होती, कुबट वास नव्हता अजून, पण आपण कोकणातले, पुढे काय होणार ते नाकाला आधी कळतं. बुरशी. इथे भाडेकरू आणि घरमालक यांच्यात सगळ्यात जास्त भांडणं ज्यावरून होतात त्यातला हा विषय, मालक म्हणतो तुम्ही खिडक्या उघडत नाही, भाडेकरू म्हणतो तुमच्या भिंतीच वाईट. जर्मन बांधकामाच्या मानकात एक आकडा आहे, १२.६. म्हणजे खोलीत २० अंश आणि ५० टक्के आर्द्रता असेल तर भिंतीचा पृष्ठभाग १२.६ च्या खाली जाता कामा नये, गेला की तिथली हवा बुरशी धरण्याइतकी ओली होते. भिंतीवर पाणी दिसायचीही गरज नाही. आमचा कोपरा साडेअकरा. आणि आर्द्रता? हायग्रोमीटर आणला, दहा-बारा युरोला मिळतो, तर बेडरूममध्ये सकाळी ६८.

का, तर नवऱ्याची बचत. बेडरूमचा हीटर बंद ठेवायचा आणि झोपायच्या आधी बैठकीचं दार उघडून तिकडची गरम हवा येऊ द्यायची, अशी त्याची योजना. हवा येते, पण येताना डाळीच्या कुकरची, चहाची, आंघोळीची, वाळत घातलेल्या कपड्यांची सगळी वाफ घेऊन येते आणि थंड भिंतीवर बसते. म्हणून बेडरूम थंड ठेवायची असेल तर तिचं दार बंद ठेवायचं आणि तिला तिचा थोडा हीटर द्यायचा. आम्ही तिथे १७ ठरवलं, त्याच्या खाली नाही. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं, म्हणजे मागून हवा खेळते.

आणि खिडक्या. हे मला पटायला सगळ्यात वेळ लागला. इथे सगळे सांगतात की दिवसातून तीन-चार वेळा समोरासमोरच्या खिडक्या पाचेक मिनिटं सताड उघडा, तेवढा वेळ हीटर बंद करा, आणि मग घट्ट लावा. बाहेर धुकं, रिपरिप पाऊस, आणि खिडकी उघडायची? चिपळूणला जुलैत आम्ही ओल येऊ नये म्हणून खिडक्या लावून घेतो आणि कपड्यांना तव्यावर, शेगडीवर ऊब देतो. पण इथलं गणित उलटं आहे. शून्य अंशाच्या हवेत, ती कितीही दमट असली तरी, एका घनमीटरला पाच ग्रॅमसुद्धा पाणी मावत नाही. तीच हवा घरात येऊन २० अंश झाली की तिची आर्द्रता तीस टक्क्यांच्या आसपास होते, म्हणजे कोरडी ठणठणीत. पाच मिनिटांत हवा बदलते, भिंती आणि सामान तेवढ्यात थंड होत नाहीत, म्हणून परत तापायला वेळ लागत नाही. खिडकी दिवसभर वरून तिरकी उघडी ठेवणं हा मात्र सगळ्यात वाईट प्रकार, हवा फारशी बदलत नाही आणि खिडकीच्या आजूबाजूची भिंत गारठते. हायग्रोमीटरचा आकडा ६२ वरून ४५ वर येताना डोळ्यांनी बघितला तेव्हा कुठे माझा विश्वास बसला.

सासूबाई आल्या आणि सगळं गणित परत मांडावं लागलं. त्यांना गुडघ्यांचा त्रास, आणि निफाडची सून असून सुद्धा, म्हणजे लेकाची थिअरी तिथेच कोसळली, त्यांना १८ काय २० मध्येही गारठायला व्हायचं. "अरे आम्ही तिकडं दिवसभर हिंडत-फिरत असतो, इथं नुसतं बसून काय रक्त गरम राहणार," असं त्यांनी एका वाक्यात संपवलं. बरोबरच आहे ना, बसून मेथी निवडणाऱ्या माणसाला आणि व्हॅक्युम फिरवणाऱ्या माणसाला एकच आकडा कसा चालेल? त्यांच्या खोलीत आम्ही २२ केलं, दार बंद, आणि रात्री गरम पाण्याची रबरी पिशवी पायाशी. फक्त एका गोष्टीवर मला अडून बसावं लागलं, त्या लुगडं धुऊन रेडिएटरवर पसरायच्या. एकतर त्याने उष्णता अडते, वर सगळं पाणी खोलीत. शेवटी तळघरातल्या कपडे वाळवायच्या खोलीत दोरी दाखवली, तर तिथे त्यांची वरच्या काकूंशी ओळख झाली, दोघींना एकमेकींची भाषा येत नाही तरी अर्धा तास गप्पा. सोफ्याचं प्रकरणही त्यातच मिटलं.

पैशाचं म्हणाल तर आमच्या प्रत्येक रेडिएटरवर एक छोटी पांढरी डबी चिकटवलेली आहे. ती गॅस मोजत नाही, युनिटही विजेसारखे नाहीत, ती रेडिएटर किती गरम आणि खोली किती गरम याच्या फरकावरून आकडा पुढे ढकलते, आणि वर्षाच्या शेवटी रेडिएटरच्या आकाराप्रमाणे गुणून हिशेब होतो. पूर्ण बिल्डिंगचा हीटिंगचा खर्च, त्यातला ५० ते ७० टक्के वापराप्रमाणे वाटायचा, उरलेला घराच्या क्षेत्रफळाप्रमाणे. म्हणजे तुम्ही सगळे हीटर बंद ठेवून कुडकुडत बसलात तरी क्षेत्रफळाचा वाटा भरावाच लागतो, आणि मधल्या मजल्यावरच्यांना खालून-वरून शेजाऱ्यांची ऊब फुकट मिळते. आम्हा तळमजल्यावरच्यांना खालून फक्त तळघर. मी दर रविवारी डब्यांचे आकडे वहीत लिहायला लागले तेव्हा दिसलं की सासूबाईंच्या खोलीचे २२ अंश तितके महाग नव्हतेच, खोली लहान आणि भिंती आतल्या. आकडा धावत होता तो बैठकीचा, जिथे आम्ही दिवसभर कुणी नसताना सुद्धा २१ ठेवत होतो. मग तिथे टायमरवाला नॉब बसवला, जुना काढून स्वतःच बसवता येतो, पाना सुद्धा लागत नाही बहुतेक वेळा, जुना नॉब जपून ठेवायचा म्हणजे घर सोडताना परत लावता येतो. सकाळी नऊ ते चार १७, मग २१, रात्री अकरानंतर परत १७. पूर्ण बंद नाही, कारण भिंती थंड झाल्या की परत तोच कोपरा.

सासूबाई गेल्यावर त्यांची खोली १७ वर आली. बाथरूमवर अजून एकमत नाही, मी आंघोळीआधी २३ करते आणि तो बाहेर आला की नॉब दोनवर, हे असंच चालणार.

आता आमचा मोर्चा घरमालकाकडे वळलाय. २०२३ पासून इंधनावरच्या कार्बन कराचा वाटा भाडेकरूबरोबर मालकालाही द्यावा लागतो, आणि बिल्डिंग जितकी वाईट तितका मालकाचा वाटा मोठा, अगदी वाईट असेल तर ९५ टक्क्यांपर्यंत. तर हिशेबाच्या कागदात आपली बिल्डिंग कुठल्या पायरीवर आहे ते नक्की बघा. मी ते बघून, फरशीचं आणि कोपऱ्याचं तापमान तारखेसकट लिहून, तळघराच्या छताला आतून इन्सुलेशन लावा असं नम्र पत्र पाठवलंय. उत्तर आलंय की माणूस बघायला पाठवतो, वसंतात. बघू, नवरा म्हणतोय त्या माणसाला चहा द्यायचा, आणि गालिचा काढून फरशीवर अनवाणी उभं करायचं.