कार शोधायला सांगितलं, सापडलं ओबामाकेअर

२०१३ ची गोष्ट आहे. मी तेव्हा पुण्यात बाणेरला एका छोट्या कंपनीत मीडिया बायर होते, काम सगळं अमेरिकेचं, त्यामुळे दुपारी यायचं आणि रात्री अमेरिका जेवायला बसली की निघायचं असा प्रकार. घरी विचारलं काय करतेस तर जाहिराती लावते एवढंच सांगायचे, कारण पुढचं सांगितलं असतं तर आईने विचारलं असतं की हे चांगलं काम आहे का, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे धड नव्हतं.

आमचं काम पीपीव्हीचं, म्हणजे पे पर व्ह्यूचं. ज्यांना ते माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. तिकडे कोणीतरी फुकटचा व्हिडिओ प्लेयर नाहीतर टूलबार डाउनलोड करतो, इन्स्टॉल करताना न वाचता आय अ‍ॅग्री दाबतो, आणि त्याच्यासोबत एक जाहिरातवालं सॉफ्टवेअर मशीनमध्ये येऊन बसतं. ते ब्राउझरमधला पत्ता वाचतं आणि आमच्यासारख्यांनी दिलेल्या टार्गेटशी, म्हणजे एखाद्या साइटच्या पत्त्याशी नाहीतर शब्दांशी, तो जुळला की आमचं पेज पॉपअपमध्ये उघडतं. क्लिक वगैरे काही नाही, पेज उघडलं की पैसे कापले, आम्ही व्ह्यूला दीड-दोन सेंट द्यायचो. एचटीटीपीएसचं कुलूप असलं तरी काही फरक पडत नाही कारण हा पाहुणा मशीनच्या आतच बसलेला असतो.

नवीन पोरं विचारायची हे चालतं कसं काय. तर तिकडे लेन्स विकणाऱ्या १-८०० कॉन्टॅक्ट्स नावाच्या कंपनीने व्हेनयू नावाच्या अशाच एका सॉफ्टवेअरवाल्यावर केस टाकली होती, आमच्या साइटवर गिऱ्हाईक आलं की हे दुसऱ्याचा पॉपअप दाखवतात म्हणून. खालच्या कोर्टाने २००३ मध्ये मनाई दिली, पण २००५ मध्ये अपील कोर्टाने ती उलटवली, म्हणाले साइटचा पत्ता आतल्या यादीत असणं, जी कोणाला दिसत पण नाही, हा ट्रेडमार्कचा वापरच नाही. ह्या एका निकालावर बऱ्याच जणांची दुकानं उभी होती. मात्र लोकांना न विचारता इन्स्टॉल करणं आणि काढायला अवघड करून ठेवणं ह्यावरून झँगो नावाच्या अशाच एका कंपनीला २००६ मध्ये अमेरिकेच्या एफटीसीला, म्हणजे ग्राहकांची फसवणूक होऊ नये हे बघणाऱ्या सरकारी संस्थेला, ३० लाख डॉलर द्यावे लागले ते वेगळं.

आता स्टारबद्दल, म्हणजे टार्गेट लिहिताना वापरायच्या * ह्या खुणेबद्दल. स्टार म्हणजे इथे काहीही चालेल, अगदी काहीच नसलं तरी चालेल. डोमेननंतर स्लॅश आणि स्टार टाकला की त्या साइटची सगळी पानं आली, डोमेनच्या आधी स्टार-डॉट टाकला की सबडोमेन पण आले. खरी मजा सर्चच्या पत्त्यांत असते. माणूस कार इन्शुरन्स टाइप करतो तेव्हा मधल्या स्पेसचा पत्त्यात कुठे प्लस होतो, कुठे %२०, बातम्यांच्या साइटवर डॅश, कुठे अंडरस्कोअर. चार प्रकार वेगवेगळे लिहिण्यापेक्षा मध्ये एक स्टार टाकायचा, म्हणजे *कार*इन्शुरन्स*, की सगळे एकदम पकडले जातात. शब्द उलटे पण येतात म्हणून *इन्शुरन्स*कार* हे पण. सगळेच असं करायचे, आमचं कॅम्पेन ह्याच दोन टार्गेटवर उन्हाळाभर मस्त चाललेलं होतं.

ऑफर साधी होती. अमेरिकेत गाडीचा विमा भागाप्रमाणे बदलतो म्हणून पहिल्या पानावर फक्त झिप कोड, म्हणजे तिकडचा पिनकोड, मागायचा, तुमच्या भागातले इन्शुरन्सचे स्वस्त दर बघा असं वर मोठ्या अक्षरात, बाजूला एक गाडीचा फोटो आणि खाली एक फोन नंबर. झिप टाकला की एक लीड, म्हणजे संभाव्य गिऱ्हाईक, आणि त्याचे आम्हाला पैसे. दुसऱ्या पानावर गाडी कोणत्या वर्षाची, कोणत्या कंपनीची, मॉडेल काय, असले प्रश्न.

१ ऑक्टोबर, मंगळवार. दुसऱ्या दिवशी गांधी जयंतीची सुट्टी म्हणून सगळे लवकर पळायच्या मूडमध्ये. साडेसहाच्या सुमाराला, म्हणजे न्यूयॉर्कला सकाळचे नऊ, खर्चाचा आकडा असा काही वर जायला लागला की मला वाटलं रिपोर्ट दोनदा मोजतोय. तसं झालं की आधी लीड बघायचे, तर लीड पण वाढत होते, आणि नुसते वाढत नव्हते तर झिप टाकणाऱ्यांचं प्रमाण रोजच्यापेक्षा चांगलंच वर गेलेलं. सरांनी मागून येऊन स्क्रीन बघितली आणि म्हणाले, "आज पार्टी दे मग."

मला मात्र ते हिरवे आकडे बघून अस्वस्थ व्हायला लागलं. पीपीव्हीमध्ये लोक वैतागलेले असतात, स्वतः न मागितलेली खिडकी समोर आलेली असते, ती एकाएकी त्यांना आवडायला लागली असं होत नाही. दुसऱ्या पानाचे आकडे काढले तर तिथे सगळे गळत होते. रोज झिप टाकणाऱ्यांपैकी बरेच जण पुढे गाडीची माहिती भरायचे, आज गाडीचं नाव काढलं की गायब. म्हणजे इन्शुरन्स पाहिजे पण गाडीशी घेणंदेणं नाही असले लोक कुठून येतायत?

पॉपअप विकणाऱ्या नेटवर्कच्या रिपोर्टमध्ये फक्त आपला टार्गेट दिसायचा, नेमका पत्ता नाही. पण त्यांचा एक टोकन, म्हणजे लिंकमध्ये टाकायचा कोड होता, तो आमच्या ट्रॅकरला, म्हणजे आकडे नोंदवणाऱ्या सॉफ्टवेअरला, जोडला की ज्या पत्त्यावर पॉपअप उघडला तो पूर्ण पत्ता यायचा. जोडला, पंधरा मिनिटं थांबले, आणि यादी उघडली. ओबामाकेअर हेल्थ इन्शुरन्स. अफोर्डेबल केअर अ‍ॅक्ट इन्शुरन्स. हेल्थ इन्शुरन्स ओबामाकेअर कधी सुरू. हेल्थकेअर इन्शुरन्स साइट उघडत नाही. ओबामाकेअर म्हणजेच अफोर्डेबल केअर अ‍ॅक्ट, ओबामांचा आरोग्य विम्याचा नवीन कायदा. खाली खाली स्क्रोल करत गेले तरी गाडी कुठे नाहीच.

इंग्रजीत केअरचं स्पेलिंग लिहून बघा, सी, ए, आर, ई. पहिली तीन अक्षरं म्हणजे कार. स्टारला काय घेणं पुढे ई आहे का डॅश आहे, काहीही चालेल म्हणून त्याला आम्हीच सांगितलेलं.

त्याच दिवशी हेल्थकेअर डॉट गव्ह, म्हणजे ह्या कायद्याखाली विमा घ्यायची सरकारी साइट, चालू झाली होती. सगळी अमेरिका त्या साइटवर तुटून पडलेली आणि साइट उघडत नव्हती, नंतर बाहेर आलेल्या सरकारी नोंदींप्रमाणे पहिल्या दिवशी जेमतेम सहा जणांची नोंदणी पूर्ण झाली. वर त्याच दिवशी सरकारचं शटडाउन पण सुरू झालेलं, त्यामुळे बातम्यांत दुसरं काही नाही. साइट उघडत नाही म्हणून लोक सर्च करत होते, बातमी वाचत होते, परत सर्च करत होते, आणि तेवढ्यात समोर आमचं पान, तुमच्या भागातले इन्शुरन्सचे स्वस्त दर, झिप टाका. कोणीही टाकेल हो. मी पण टाकला असता.

मी सरांना म्हणलं बंद करूया. सर म्हणाले, "अगं पण पैसे तर मिळतायत ना? अमेरिकेची रात्र होईपर्यंत चालू दे, मग बघू." मी म्हणलं सर हे लोक हेल्थचा विमा शोधतायत, त्यांना वाटतंय ही सरकारी साइट आहे. त्यावर ते म्हणाले आपण कुठे तसं लिहिलंय. खरंच कुठे लिहिलेलं नव्हतं.

तेवढ्यात स्काइपवर तिकडच्या अकाउंट मॅनेजरचा मेसेज आला, पानावरच्या नंबरवर विचित्र फोन येतायत. एका बाईने विचारलं की माझ्या मुलाला डायबेटिस आहे, तुमच्या प्लॅनमध्ये तो बसेल का, समोरचा बिचारा होंडा का टोयोटा विचारायला बसलेला. नवीन कायद्याने आधीच्या आजारावरून विमा नाकारता येणार नव्हता, तेच खात्रीने ऐकायला ती बाई थांबली असणार. हे वाचून मी पॉज दाबला आणि मग सरांना सांगितलं की ह्या लीड अ‍ॅडव्हर्टायझर महिनाअखेरीला स्क्रब करणार, म्हणजे कामाच्या नाहीत म्हणून कापून टाकणार, एक डॉलर मिळणार नाही आणि खर्च आपल्या डोक्यावर. स्क्रब शब्द ऐकल्यावर सर खुर्ची ओढून शेजारी बसले. बाईच्या फोनने बसले नव्हते.

दुरुस्ती वाटते तेवढी सोपी नव्हती. ह्या नेटवर्कमध्ये नको असलेल्या यादीत स्टार चालायचा नाही, पूर्ण डोमेन द्यावं लागायचं, आणि त्या दिवशी ओबामाकेअरवर न लिहिणारं डोमेन शोधून सापडलं नसतं. म्हणून मधला स्टारच काढला. कार-डॅश-इन्शुरन्स, कार-प्लस-इन्शुरन्स, %२० वालं, अंडरस्कोअर वालं, चारही हाताने लिहिले, उलट्या क्रमाचे पण. मग ऑस्करसारखे शेवटी कार असलेले शब्द घुसतील म्हणून कारच्या आधी पण स्लॅश नाहीतर इक्वल टू. व्हॉल्यूम एकदम तळाला गेला. सरांचा चेहरा बघवत नव्हता.

मग टीममधल्या एका पोराने सुचवलं की ताई, अमेरिकन लोक ऑटो इन्शुरन्स पण म्हणतात, त्यात केअर येत नाही, तिथे स्टार टाकून बघू. आयडिया चांगली होती. *ऑटो*इन्शुरन्स* चालू केलं, टोकन जोडलेलाच होता, खालून मागवलेला वडापाव खाईपर्यंत व्ह्यू यायला लागले, लीड पण नॉर्मल, दुसऱ्या पानावर लोक गाडीची माहिती भरतायत. सर बॅग भरायला गेले.

मी यादी शेवटची एकदा खाली स्क्रोल केली. ऑटो इन्शुरन्स, ऑटो इन्शुरन्स टेक्सास, ऑटो इन्शुरन्स कोट, ऑटोइम्यून डिसीज हेल्थ इन्शुरन्स.

"सर," मी हाक मारली, "इथे पण डॅश टाकायला लागणार."