घूंऽऽ

रविवारी भर दुपारी बॉनेट उघडून गाडीसमोर उभी राहिले, तर सोसायटीतले निम्मे पडदे हलले. बाईमाणूस बॉनेटमध्ये डोकं घालून उभं, म्हणजे काहीतरी बघण्यासारखं असणारच.

बघण्यासारखं काही नव्हतं, ऐकण्यासारखं होतं. चौदा वर्षांची आमची गाडी महिनाभर एक बारीक सूर धरून बसली होती. घूंऽऽ. खडखड झाली की माणूस सरळ गॅरेज गाठतो. पण हे म्हणजे शेजारच्या खोलीत कुणी तंबोरा लावत बसलंय आणि तो काही केल्या लागत नाही, तसं. नवरा म्हणाला, "कुठे काय? रेडिओ लाव." आमच्या घरातल्या बहुतेक दुरुस्त्या अशाच होतात.

गॅरेजात नेली तर गाडी गप्प. दवाखान्याच्या पायरीवर पोराचा ताप उतरतो ना, तशी. मिस्तरी एक चक्कर मारून आला आणि त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मीच सॉरी म्हणून मोकळी झाले.

पण आवाजाचा पत्ता लागल्याशिवाय मला चैन पडत नाही. न्यूट्रलला रेस दिली, सूर चढला. म्हणजे चाकांची बेअरिंगं निर्दोष. ती गाडी पळाल्याशिवाय गात नाहीत. क्लच दाबला, सोडला. फरक नाही, गिअरबॉक्सही सुटला. इंजिनाच्या पट्ट्यावर पाणी शिंपडलं. तो ओरडत असला तर पाण्यानं क्षणभर तरी गप्प होतो. सूर तसाच. (तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी वरूनच हात जोडले. त्यांना पूजा वाटली असावी.) मग हेडलाइट, एसी, जे जे लावता येईल ते लावलं, तर बाई जरा जास्तच कण्हायला लागली. इथे माझी विद्या संपली.

"बाबाऽ" म्हणून खालून तीन हाका मारल्या आणि मग आठवलं. वर जाऊन त्यांच्या खांद्याला हात लावला.

बाबा इचलकरंजीत जॉबर होते, म्हणजे माग बिनसले की दुरुस्त करणारे. 1904 साली विठ्ठलराव दातारांनी गावात पहिला यंत्रमाग आणला, हे ते घरच्या कुळकथेसारखं सांगत. दुपारी मी डबा घेऊन कारखान्यात जायचे. चोवीस माग, चोवीस धोटे, आणि दारातूनच छातीत शिरणारा तो खटाखट-खटाखट कल्लोळ. आत बोलणं म्हणून नव्हतंच. अंगठा ओठाशी नेला की चहा, बोट पोटावर ठेवलं की जेवण. बाबा मागाच्या लोखंडावर तळहात टेकवून उभे राहायचे, वैद्यानं नाडी धरावी तसे. चोवीसातला एक बिनसला की हातातला कप ठेवून बरोबर त्याच्यापाशी. मला तेव्हा वाटायचं, सगळ्यांच्याच बाबांना हे येतं. घरी आम्ही सगळे ओरडूनच बोलायचो. शाळेत बाईंनी मला त्यासाठी कितीदा तरी उभं केलंय.

त्या आवाजानं त्यांचे कान खाल्ले. कानात घालायला काही मिळतं, हे तेव्हा त्यांना कुणी सांगितलं नाही. ऐकायचं मशीन घेऊन दिलंय, ते टेबलाच्या खणात असतं.

खाली आल्यावर मी ओरडून विचारलं, "येतोय का आवाज?" त्यांनी मान हलवली. नाही. मग हातानंच पिळून दाखवलं, स्क्रू ड्रायव्हर दे. लांब दांड्याचा. आधी माझी ओढणी पट्ट्यापासून लांब सारली, मग टोक इंजिनावर टेकवलं आणि मूठ कानामागच्या हाडावर. पाण्याचा पंप. पुढे सरकले. पट्टा ताणून धरणारा टेन्शनर. पुढे. दिव्यांना वीज पुरवणाऱ्या डायनामोवर आले आणि थांबले. डोळे मिटले. इंजिन एक फेरा मारतं तेव्हा डायनामो दोनाहून जास्त मारतो. चौदा वर्षांत बिचाऱ्याचे किती फेरे झाले असतील. बाबांनी डोळे न उघडताच हवेत एक बोट गोल फिरवलं.

"मागचं बेअरिंग," म्हणाले. तेही ओरडूनच.

दुसऱ्या दिवशी मिस्तरीनं डायनामो खोलला, मागचं बेअरिंग काढून बोटात धरून फिरवलं. ते वाळूसारखं करकरलं. "कुणी सांगितलं तुम्हाला?" त्यानं विचारलं. मी नुसतं हसले.

स्क्रू ड्रायव्हर मात्र डब्यात परत गेलेला नाही. संध्याकाळी बाबा मिक्सरला लावून आले, मग गच्चीवरच्या पंपाला. रात्री मी पाणी प्यायला उठले तर बाबा स्वयंपाकघरात अंधारात उभे, फ्रीजच्या पाठीला टोक टेकवून.

"याचं काही खरं नाही," म्हणाले.

"अहो, तीनच वर्षं झालीत घेऊन!" मी ओरडले.

त्यांना ऐकू आलं नाही.