तांब्याची गोळी आणि माझं मधलं नाव

"नोंद जुळत नाही," दुकानदार तिसऱ्यांदा म्हणाला. काय जुळत नाही, ते त्याच्या पडद्यावर दिसतच नव्हतं. काउंटरवर माझ्यासमोर काडतुसांची तीन खोकी होती आणि हरणांच्या शिकारीचा हंगाम १९ दिवसांवर आला होता. जुलै २०२२ ची गोष्ट.

मी कॅलिफोर्नियात राहतो. रायफल, ३० प्रश्नांची परीक्षा, दहा दिवसांची सक्तीची वाट, शिकारीचा कोर्स, हरणाचा टॅग (म्हणजे एक हरीण मारायचा परवाना) हे सगळं सुरळीत झालं होतं. अडलं ते काडतुसांपाशी.

इथे १ जुलै २०१९ पासून दोन नियम एकदमच आले. शिकारीला शिशाची गोळी कुठेच चालत नाही, आणि काडतुसांच्या प्रत्येक खरेदीला तुमची तपासणी होते. रायफल घेतानाची नोंद आणि हातातलं ड्रायव्हिंग लायसन्स जुळलं, तर २०२२ मध्ये एक डॉलर आणि काही मिनिटं लागायची. नाही जुळलं, तर १९ डॉलर आणि कितीही दिवस.

शिशाच्या बंदीबद्दल माझी मुळीच तक्रार नाही. शिकारी हरणाचा कोथळा जंगलातच टाकून येतात, त्यात शिशाचे बारीक कण राहतात आणि ते खाऊन काँडर, म्हणजे इथली प्रचंड मोठी गिधाडं, मरतात. १९८२ मध्ये हा पक्षी जगात अवघा २२ उरला होता. गुरांना टोचलेल्या डायक्लोफेनॅकने आपल्याकडची गिधाडं कशी संपली, ते आपण पाहिलंय. ते औषध गुरांसाठी २००६ मध्ये बंद झालं, तोवर फार उशीर झाला होता. म्हणून तांब्याचीच गोळी घ्यायला मी मनापासून तयार होतो.

पण कुठली? तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते. लांब गोळी सरळ जायला नळीतले आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा) जास्त पिळाचे लागतात. शिवाय तांब्याचं टोक पाकळ्यांसारखं उमलायला वेग हवा. म्हणून शिशाची १८० ग्रेन (गोळीच्या वजनाचं माप) वापरणाऱ्याने तांब्यात १५० च्या आसपास उतरावं, असं मला शिकवणारे शेजारी सांगत. तरीही माझ्या .३०८ कॅलिबरच्या रायफलला कुठली गोळी मानवेल, हे झाडून पाहिल्याशिवाय कळत नाही. म्हणून तीन खोकी: दोन कंपन्यांची १५० ग्रेन आणि एक १६८ ग्रेन.

घरी येऊन सगळे कागद पसरले. दुसऱ्या रात्री सापडलं. रायफल घेतली तेव्हाच्या लायसन्सवर माझं नाव आणि आडनाव एवढंच होतं. पुढे लायसन्स पासपोर्टवरून नवं करून घेतलं, तेव्हा त्यात वडिलांचं नाव मध्ये आलं. आपल्या पासपोर्टावर ते असतंच. त्या यंत्राच्या लेखी मात्र मी दोन वेगळी माणसं झालो होतो. ज्या नावाने मला शाळेपासून हाक मारली, तेच नाव आडवं यावं, याचा मला आजही राग येतो.

दुरुस्तीचा अर्ज ऑनलाइन भरला, प्रती जोडल्या. अकरा दिवस उत्तर नाही. फोनवर ५० मिनिटं संगीत ऐकलं, मग एक बाई म्हणाल्या, "अर्ज रांगेत आहे." कधी होईल? "सांगता येणार नाही." हेच पुन्हा दोनदा. शेवटी १९ डॉलरची तपासणी लावली. मंजुरी सहाव्या दिवशी आली, म्हणजे १३ ऑगस्टला, हंगाम उघडला त्याच दिवशी. हा रस्ता पहिल्या दिवशीच धरला असता, तर पहिला आठवडा हुकला नसता. तुमची नोंद अडली, तर दोन्ही अर्ज एकाच दिवशी टाका. आणि ही मंजुरी एकाच खरेदीपुरती असते, म्हणून जी काडतुसं झाडून पाहायची ती सगळी एकदमच घ्या.

नेमबाजीच्या रेंजवर जाण्याआधी नळी तांब्याचा थर काढणाऱ्या सॉल्व्हंटने साफ केली. चिंध्या निळ्या-हिरव्या निघत होत्या. पांढऱ्या निघेपर्यंत थांबलो नाही. १०० यार्डांवर १६८ ग्रेनच्या तीन गोळ्या तीन इंचांत पसरल्या. पहिल्या १५० ग्रेनच्या दोन इंचांत. दुसऱ्या कंपनीच्या १५० ग्रेनची तिन्ही भोकं जेमतेम एका इंचात, त्यातली दोन एकमेकांना चिकटलेली. कागद मी जपून ठेवलाय. (दर तीन बारांनंतर नळी निवू द्या. हे आधीच सांगायला हवं होतं.)

सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी मॉन्टरेच्या बाजूला, लॉस पाद्रेसच्या जंगलात गेलो. उजाडताना ओकच्या झाडांखाली फाट्याच्या शिंगांचा नर उभा होता, १३० यार्डांवर, आडवा. खांद्यामागे एकच गोळी. चाळीस पावलांत पडला. गोळी आरपार गेली होती आणि बाजूचं मांस स्वच्छ होतं.

नाव दुरुस्त झाल्याची ईमेल ऑक्टोबरमध्ये आली, हंगाम संपल्यावर. त्याच संध्याकाळी दुकानात गेलो. एक डॉलर, चार मिनिटं. त्याच कंपनीच्या १५० ग्रेनची दोन खोकी घेतली, दोन्हींवर एकच लॉट नंबर (एकाच खेपेत बनलेल्या मालाचा) आहे ना ते तपासून. पावतीवर वडिलांचं नाव पूर्ण छापलं होतं.